पिंपांना दिलेली खबर

आपोलोनियाला आमच्या गावात तेहेतीस वर्षं 'बटाटेवाली' म्हणत. ती वरच्या पठारावरची, बापाची बटाट्यांची शेती. आणि मोझेल नदीकाठच्या माणसाला पठारावरचं माणूस म्हणजे अर्धं रानटी वाटतं, हा आमचा जुना माज आहे. सेव्हरिन त्सेन्त्सेनने तिला जत्रेत पाहिलं आणि दोन महिन्यांत लग्न करून खाली आणलं. सासऱ्याने पहिल्याच दिवशी घर दाखवलं. स्वयंपाकघर दाखवलं, गोठा दाखवला, माडी दाखवली, आणि तळघराच्या दाराशी येऊन तो थांबला.

"इथून पुढे तुझं काम नाही. बाई आत आली की वाइन नासते."

सासरा गेला, नियम राहिला. सेव्हरिन भला माणूस होता, कधी आवाज चढवला नाही, पण बापाचा शब्द मोडणं त्याला बाप मेल्यावरही जमलं नाही. अशी भली माणसं फार त्रास देतात.

आपोलोनियाच्या वाट्याला द्राक्षांचा कडा आला. त्याला उतार म्हणणं म्हणजे थट्टाच. जिथे शेळीसुद्धा विचार करून पाय टाकते तिथे आमची रीसलिंग द्राक्षं उभी असतात, एकेका वेलीला एकेक खांब. शाळेच्या पाटीचा काळा दगड पावसाबरोबर खाली वाहून येतो आणि तो टोपलीत भरून, पाठीवर घेऊन, दर हिवाळ्यात परत वर न्यावा लागतो. तो दिवसभर ऊन पितो आणि रात्री वेलींना ऊब देतो. तो नसेल तर आमच्या थंडीत द्राक्षं हिरवीच राहायची. आपोलोनियाने तो तेहेतीस हिवाळे वाहिला. एकुलता मुलगा युद्धात रशियात मारला गेला तेव्हा तिने तीन दिवस चूल पेटवली नाही. चौथ्या दिवशी टोपली घेऊन कड्यावर गेली. पण एवढं करून, द्राक्षांचा रस पिंपांत गेला की तिचा संबंध संपे. पुढचं सगळं खाली अंधारात, सेव्हरिन आणि त्याची सात पिंपं. ती वाइन प्यायची ती बाटलीतून, पाहुण्यासारखी.

युद्ध संपून आठ वर्षं झाली, त्या सालची ही गोष्ट. द्राक्षं अशी पिकली होती की 'आमच्या वेळी' म्हणणारे म्हातारेही गप्प बसले. शेवटची टोपली खाली आली आणि सेव्हरिनने अंथरूण धरलं. हृदय थकलं होतं. डॉक्टरने हात टेकले. शेगडी असलेली खोली नेमकी तळघराच्या वर होती, तिथे त्याची खाट टाकली. मंगळवारी पाद्री येऊन मरणाऱ्याला लावतात ते शेवटचं तेल लावून गेला.

आमच्याकडे एक रीत आहे. घरचा मालक गेला की चर्चची घंटा वाजायच्या आत कोणीतरी तळघरात उतरायचं, प्रत्येक पिंपावर तीनदा ठोकायचं आणि सांगायचं, मालक गेला, आता मालक अमुक. नाही सांगितलं तर वाइनही त्याच्यामागे जाते म्हणतात. आणि पिंपांना ज्याचं नाव सांगितलं त्याचं तळघर. कागदपत्रं नंतर होत राहतात, गाव मात्र तेच नाव मानतं.

सेव्हरिनचा धाकटा भाऊ आलोइस समोरच्याच घरात राहायचा. लग्न केलेलं नव्हतं, तोफेच्या आवाजाने एक कान गेलेला, कामाला वाघ. मंगळवारी तो कड्यावरून उतरला तर पाद्री दारातून बाहेर पडत होता आणि शेजारच्या दोघी उंबऱ्याशी गुडघ्यांवर बसून प्रार्थना म्हणत होत्या. आलोइसने समजायचं ते समजून घेतलं. कोणाला विचारलं नाही. टोपी काढली आणि तडक तळघर गाठलं.

वर आपोलोनिया नवऱ्याचे ओठ ओल्या फडक्याने पुसत होती. जमिनीखालून आवाज आला. ठक, ठक, ठक.

सेव्हरिनने डोळे उघडले. "खाली कोण आहे?"

"कोणी नाही रे. वाइन फसफसतेय. पड तू."

"वाइन तीन-तीनदा ठोकत नाही, लोनी."

तो ऐकत राहिला. तिचाही हात जागीच थांबला. ठोके पुढे सरकत होते. "तिसरं," तो म्हणाला. थोड्या वेळाने, "चौथं." मग छताकडे पाहत, अगदी शांतपणे, "मी मेलो वाटतं."

आपोलोनिया धावली. ज्या दाराशी तेहेतीस वर्षं तिचे पाय थबकले होते ते दार तिने कधी ओलांडलं हे तिलाही कळलं नाही. आलोइस सहाव्या पिंपासमोर टोपी छातीशी धरून उभा होता.

"सेव्हरिन गेला. आता मालक आलोइस."

"अरे मुडद्या!" ती ओरडली. "तो वर जिवंत आहे! तुझे ठोके मोजतोय तो!"

आलोइसच्या तोंडचं पाणी पळालं. "वहिनी, पाद्री बाहेर पडला... त्या दोघी गुडघ्यांवर... मला वाटलं..."

"आणि नाव? तेही पाद्र्यानेच सांगितलं का? अजून मढं झालं नाही आणि टाळूवरचं लोणी खायला बसलास!"

"मग कुणाचं घेऊ?" तो म्हणाला. "पोर राहिलं नाही. तू तर बाई."

हे तो खोचकपणे म्हणाला असता तर बरं झालं असतं. तिने चार शिव्या अजून हासडल्या असत्या. पण त्याने ते साधेपणाने म्हटलं, आज थंडी आहे म्हणावं तसं. तिला एकदम दिसलं की उद्यापासून ती या घरात कोण असणार आहे. दिराच्या कड्यावर दगड वाहणारी एक म्हातारी.  ती वर आली.

सेव्हरिन हसत होता. हसताना धाप लागत होती, तरी हसत होता. "सातवं राहिलं ना? त्या एकट्या पिंपाला मी जिवंत आहे."

"बाकीच्यांना जाऊन सांगते."

"सांग." मग तो तिच्याकडे वळला. "आणि उतरतेच आहेस तर सहाव्यातली थोडी काढून आण. काचेची नळी खिळ्याला टांगलीय. मेणबत्ती गुडघ्याखाली धर, विषारी हवा तळाशी साचते. विझली तर मागे न बघता वर ये."

अशी ती आत गेली. कोणी तिला हात धरून नेलं नाही, नवऱ्याने चूकही कबूल केली नाही. तो तेवढंच बोलला.

त्यानंतर तो नऊ दिवस जगला. डॉक्टरला पटेना. ती रोज पिंपांतून थोडी थोडी वाइन काढून वर आणायची, तो जिभेवर थेंब घ्यायचा आणि सांगायचा. हिची साखर अजून बाकी आहे. ही घाई करतेय, खिडकी उघड, थंडी आत येऊ दे. पाचव्या दिवशी त्याला ग्लास धरवेना. "तू घे," तो म्हणाला. "आणि मला सांग."

तिने पाचव्या पिंपातली तोंडात घेतली. गढूळ, फसफसती, अर्धी गोड. तिने ग्लास नाकाशी नेला.

"काय गं?"

"ही वरच्या भिंतीखालची. झरा पाझरतो ना, त्या चार ओळी. ओल्या पाटीचा वास येतोय."

सेव्हरिनने मान वळवली. "पिंपावर खडूने लिहिलंय का?"

"मला काय माहीत तुझी खडूची चित्रं! तिथला दगड मी वाहिलाय."

मग तिने एकेक करून सगळी सांगितली. ही नदीकडच्या कोपऱ्यातली, तिथे ऊन उशिरा जातं. ही म्हाताऱ्या वेलींची, ज्यांना तू उपटायला निघाला होतास आणि मी आडवी पडले होते. एकही चुकली नाही. सेव्हरिनने डोळे मिटले आणि त्यांतून पाणी आलं. "तेहेतीस वर्षं," तो म्हणाला, "मी खाली एकटाच चाचपडत होतो." माफी यापेक्षा वेगळी नसते. तिने त्याचे डोळे पुसले, पण 'असू दे' मात्र म्हटलं नाही. कशाला म्हणायचं!

आठव्या दिवशी प्रश्न सातव्या पिंपाचा होता. त्यात सगळ्यात पिकलेली द्राक्षं होती. त्या वाइनचं फसफसणं वेळेवर थांबवलं तर गोडी राहते. उशीर झाला तर सगळी साखर जाते, घाई केली तर नुसतं सरबत.

"आज थांबव," सेव्हरिन म्हणाला. "रिकाम्या पिंपात गंधकाची वात जाळ आणि वाइन त्यात उतरव."

तिने पुन्हा घोट घेतला, तोंडात फिरवला. "आज नको. उद्या सकाळी."

"बाबा असते तर आजच..."

"बाबा नाहीत."

त्याने मान उशीत टेकवली. "तू म्हणतेस तर उद्या," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने ते काम केलं. हात काळे, डोळे गंधकाने चुरचुरणारे, तशीच ती वर आली आणि त्याला ग्लास दाखवला. त्याने ओठ लावले. मग तिच्या मनगटावर बोटं ठेवली. दहाच्या सुमाराला ती बोटं सैल पडली.

तिने रीतीप्रमाणे खिडकी उघडली, घड्याळ थांबवलं. मेणबत्ती घेऊन बाहेर आली तर दाराशी आलोइस. नऊ दिवस तो घरात शिरला नव्हता. रोज पहाटे लाकडं फोडून दारात रचून जायचा, बस.

"वहिनी, आता खरंच?"

तिने मान हलवली. रीत त्याला तिच्यापेक्षा जास्त ठाऊक होती. तो भिंतीला चिकटून बाजूला झाला. "जा तू," म्हणाला. ती उतरली तसा मागून आला आणि शेवटच्या पायरीवर थांबला.

पहिल्या पिंपावर तिने तीनदा ठोकलं.

"आता मालकीण आपोलोनिया," ती म्हणाली. स्पष्ट, मोठ्याने.

पण ते वाक्य दुसरं होतं. पहिलं आधी म्हणायला हवं. तिने पुन्हा ठोकलं, तोंड उघडलं. आत वाइन खळखळत होती. मुलगा गेला तेव्हा जी कोणासमोर रडली नव्हती ती पिंपाला कपाळ टेकून उभी राहिली आणि तिच्या तोंडून ते दोन शब्दांचं वाक्यही निघेना, अर्धं नाव आलं आणि तिथेच अडकलं.

"सेव्हरिन गेला," मागून आलोइस म्हणाला.

नऊ दिवसांपूर्वी त्याने हेच सहा वेळा न अडखळता म्हटलं होतं. या वेळी त्याचा आवाज मधेच फाटला आणि त्याने टोपीत तोंड लपवलं. दुसऱ्या पिंपाशी आपोलोनिया त्याच्यासाठी थांबली. तो पायरी उतरून तिच्या शेजारी आला. उरलेल्या पिंपांना दोघांनी मिळून सांगितलं. गेलेल्याचं नाव त्याने घेतलं, मालकिणीचं तिने.