तिसऱ्या बाईचं कपाळ

एक तास, अकरा मिनिटं, बावीस सेकंद. बरोबर या क्षणी एका बाईवर अन्याय झाला. बाई डावीकडून तिसरी, जमिनीवर बसलेली, आणि तिची काडीचीही चूक नव्हती. अन्याय करणारी मी. नाव दडवून पत्रकं काढणाऱ्यांतली मी नाही, म्हणून आधीच सांगून टाकते.

पण हे माझ्या लक्षात आणून दिलं काकांनी, तेव्हा आधी काकांबद्दल.

काका चष्मा कपाळावर सरकवायचे, नाक पडद्याला टेकेल इतके पुढे वाकायचे आणि म्हणायचे, "सुधारायचं नाही. फक्त पुसायचं." हे दिवसातून किती वेळा, ते विचारू नका. काकू स्वयंपाकघरातून उत्तर द्यायच्या, "मग पंखा पुसा की. तोही जुनाच आहे."

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. जुना, रेघोट्यांनी भरलेला सिनेमा घ्यायचा, संगणकात घालायचा, महिनोन्महिने एकेक फ्रेम साफ करायची आणि शेवटी हाय डेफिनिशनमध्ये नेटवर सोडून द्यायचा. कोणी सांगितलेलं नसतं, कोणी आभार मानत नाही. जे काम सरकारने करायला हवं ते ही माणसं बनियनवर बसून करतात. याचा निषेध मी वेगळ्या पत्रकात केलेला आहे.

काकांची सगळी नोकरी दिल्लीत, एका मंत्रालयात झाली. तेव्हा ते सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये राहायचे. तिथेच त्यांनी टीव्हीवर लागलेला एक जुना मराठी सिनेमा टेपवर उतरवून घेतला होता. शेवटची तीन मिनिटं बाकी असताना वीज गेली, त्यामुळे त्या सिनेमाला शेवट नाही. निवृत्तीनंतर काका मुनिरकाजवळच्या फ्लॅटमध्ये आले, टेप मांडीवर घेऊन.

मी मुनिरकातच भाड्याच्या खोलीत राहते. आमच्या मराठी मंडळाने हळदीकुंकवाच्या निमंत्रणावर 'फक्त सवाष्णींसाठी' असं छापलं, त्या वर्षी मी पत्रक काढायचं ठरवलं. विधवांनी काय घोडं मारलंय, असा साधा प्रश्न होता. माझा लॅपटॉप बंद पडलेला. कोणीतरी म्हणालं, काकांकडे चांगला संगणक आहे, माणूस बडबड करतो, पण नाही म्हणत नाही.

काकांनी पत्रक वाचलं. मी एकेका वाक्यापुढे तीन-तीन उद्गारचिन्हं दिली होती. त्यांनी सगळी उडवली. "डाग आहेत," म्हणाले. मग माझ्यापुढे अट ठेवली: एका पत्रकामागे दहा सेकंदांचा सिनेमा साफ करून द्यायचा. मला वाटलं, दहा सेकंद म्हणजे काय, चहा होईपर्यंत संपेल. दहा सेकंदांत अडीचशे फ्रेम असतात. माझी तीन आंदोलनं त्यात बुडाली.

मे महिन्यात त्यांच्याकडे जायला हिंमत लागायची. घरात एकच कूलर आणि त्याचं तोंड संगणकाकडे. काकू पदराने वारा घेत म्हणायच्या, "मला ऊन लागलं तरी चालेल. त्याला नको."

काकांचा खरा शत्रू होता डाग काढणारं सॉफ्टवेअर. त्याला काळा ठिपका दिसला की ते पुसून टाकायचं. त्या सिनेमात आई आपल्या हरवलेल्या मुलाला गालावरच्या तिळावरून ओळखते. सॉफ्टवेअरने तीळ खाल्ला. आता ती माउली मुलाच्या कोऱ्या करकरीत गालावर बोट ठेवून हंबरडा फोडत होती. काका हसून हसून खोकले, मग तीळ परत लावायला बसले. त्याला आठ दिवस लागले.

पुण्याचा एक गृहस्थ काकांनी नेटवर टाकलेली कच्ची टेप उचलून हाच सिनेमा 'सुधारून' टाकायचा. त्याचं नाव निघालं की काकांना ठसका लागायचा. त्याचं सॉफ्टवेअर अंधुक जागा मनानेच भरायचं, त्यामुळे त्याच्या प्रतीत नायक हसला की पियानो उघडल्यासारखं वाटायचं. काकांनी चित्र थांबवून दात मोजले. "चाळीस. अगं, माणसाला बत्तीस असतात. यह कोई बात है?" त्यांनी त्याला तसं लिहून कळवलं. उत्तर आलं, प्रेक्षकांना आवडतंय.

आणि मग ते दृश्य आलं, हळदीकुंकवाचं. चार सेकंद. एकोणीस बायका ओळीने बसलेल्या, आणि सॉफ्टवेअरने एकोणीसही कपाळं धुऊन काढलेली.

काकांना तेव्हा मोतीबिंदू होता. म्हणाले, "हे तू कर. मला कपाळ कुठे आणि अंबाडा कुठे, ते कळेना." म्हणजे बघा, सकाळी मी कुंकवाच्या सक्तीविरुद्ध पत्रकं वाटून यायचे आणि दुपारी त्याच हाताने बायकांना कुंकू लावत बसायचे. शंभर फ्रेम, एकोणीस कपाळं. एवढं कुंकू माझ्या आईने जन्मात लावलेलं नाही. काकू वाटीतून चिवडा देत म्हणाल्या, "अच्छा आहे. तेवढंच पुण्य."

मूळ टेप शेजारच्या पडद्यावर चालू होती. मी तिच्याकडे बघितलंच नाही. बघायचं काय त्यात, हळदीकुंकू म्हणजे सगळ्यांना कुंकू.

पुढच्या महिन्यात काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि घराला नवीनच त्रास सुरू झाला. त्यांना सगळं जगच हाय डेफिनिशनमध्ये दिसायला लागलं. भिंती मळक्या दिसल्या. पंखा दिसला. माझ्या पत्रकात अकरा चुका दिसल्या. काकूंकडे नीट बघून ते म्हणाले, "तुझ्या हनुवटीवर तीळ आहे?" काकू म्हणाल्या, "लग्नाआधीपासून आहे. पुसू नका म्हणजे झालं."

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला फोन करून फक्त "ये" म्हटलं.

दोन्ही पडद्यांवर तेच दृश्य थांबवून ठेवलेलं होतं. काकांनी टेपच्या पडद्यावर बोट ठेवलं. अठरा कपाळांवर धुरकट का होईना, काळा ठिपका होता. डावीकडून तिसऱ्या बाईच्या कपाळावर नव्हता. मग त्यांनी दृश्य अगदी पहिल्या फ्रेमवर नेलं. तिथे त्या बाईचा हात कपाळावरून खाली येत होता, आणि हातात पदराचं चुरगळलेलं टोक होतं. सहा फ्रेम, की हात मांडीवर. आमच्या साफ केलेल्या प्रतीत हातही नव्हता. सॉफ्टवेअरने तो शेजारणीच्या खांद्यात मिसळून टाकला होता.

"माझी आत्या," काका म्हणाले.

मग सगळं सांगितलं. शूटिंग त्यांच्याच गावात झालं होतं. गल्लीतल्या बायकांना ओळीत बसवलं, एक जागा रिकामी दिसत होती, म्हणून शूटिंगवाल्या एका माणसाने कडेला उभ्या असलेल्या आत्याला ओढून बसवलं. त्याला काय माहीत की ती विधवा आहे. मेकअपवाला आला आणि एका दमात एकोणीस कपाळं रंगवून गेला. पुढे गावात तंबू लागला, सिनेमा दाखवला गेला, चार सेकंदांत तिचं कपाळ कोणी नीट पाहिलं नाही, आणि बोभाटा झाला की अमक्याच्या बहिणीने कुंकू लावून सिनेमात काम केलं. त्यानंतर काकांच्या वडिलांनी तिला कुठल्याच कार्याला नेलं नाही. ती मरेपर्यंत एकच सांगत राहिली, कॅमेरा सुरू व्हायच्या आधी मी पुसलं होतं. लहानग्या काकांनाही सांगायची. त्यांनाही ते खरं वाटलं नव्हतं.

टेप, संगणक, कूलर, चाळीस दातांवरून भांडण, सगळं या चार सेकंदांसाठी होतं. आणि त्या चार सेकंदांत शंभर वेळा तिच्या कपाळावर कुंकू लावलं होतं मी.

वाचकहो, मी लगेच माफी मागितली असं सांगायला मला आवडलं असतं. मी वाद घातला. म्हटलं, "काका, राहू दे ते. तिला जगाने लावू दिलं नाही, आपण लावू. हा न्याय आहे."

"तिला विचारलंस?"

"ती आहे कुठे विचारायला?"

"मग झालं तर. घाबरून पुसलं की रागाने, मला माहीत नाही. पण तिने पुसलं, आणि पुसलं म्हणून सांगितलं. गावाने ऐकलं नाही. मी ऐकलं नाही. आता तूही नाही ऐकलंस."

मी खुर्ची ओढली आणि शंभर कुंकवं पुसायला बसले. सहा फ्रेममधला हात काकांनी स्वतः परत आणला.

मंडळाच्या गणपतीत सिनेमा दाखवला. एक तास, अकरा मिनिटांनी काकांनी माझं मनगट धरलं. मागून एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "तिसरीचं रंगवायचं राहिलं वाटतं यार."

काका अंधारात उभे राहिले. "राहिलं नाही. नव्हतंच," म्हणाले. "ती माझी आत्या आहे. तिने पुसलंय." आणि खाली बसले. पुढे वीज गेली होती तिथे सिनेमा संपला, तेव्हा पुन्हा उभे राहून त्यांनी उरलेली तीन मिनिटं तोंडी सांगितली. शेवटी सगळे फोटोला उभे राहतात म्हणे. आई मुलाचा तीळ तपासून बघते. हा भाग त्यांनी पदरचा घातला असा मला दाट संशय आहे.

आता काका-काकू मुलीकडे बंगळुरूला गेलेत. टेप मांडीवर घेऊनच गेले. संगणक आणि कूलर मला दिला. माझ्या खोलीत कूलरचं तोंड संगणकाकडे आहे आणि मी घामाघूम आहे.

आणि मी संतापलेली आहे. पुण्याच्या गृहस्थाने नवी प्रत टाकलीय. तिच्यात पुन्हा एकोणीस कुंकवं आहेत, शिवाय रंगीत. लोक तीच एकमेकांना पाठवतायत.

तेव्हा तुमच्याकडे हा सिनेमा आला असेल तर तो उघडा. एक तास, अकरा मिनिटं, बावीस सेकंदांवर थांबवा. डावीकडून तिसरी बाई बघा. तिच्या कपाळावर कुंकू दिसलं तर ती प्रत आजच्या आज पुसून टाका.