शनिवारी सर्व्हर बंद

दारावर दोनदा टकटक, आणि आतून उत्तर यायच्या आधीच ताई खोलीत. "शनिवारी सर्व्हर बंद. काय बंद?" समोर प्राध्यापक असो नाहीतर नवा विद्यार्थी, त्याने ते परत म्हणून दाखवायचं. मगच ताई पुढच्या दारावर.

"अहो ताई, ईमेल पाठवलीय ना मी सगळ्यांना?"

"तू वाचते का दुसऱ्यांच्या ईमेली?"

वाचत नव्हते. तेवढ्यावर विषय संपला.

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल बघा, जे येताना दिसलं की लोक फोनवर असल्याचं सोंग करतात. एडिनबराच्या आमच्या विद्यापीठात त्या ताई होत्या. मूळच्या नागपूरच्या. सगळ्यांचं संशोधन ज्या सामायिक स्टोरेजवर साठायचं, ते सांभाळणं त्यांचं काम. मी हेल्पडेस्कवर, म्हणजे लोकांच्या शिव्या खाणं माझं.

ते स्टोरेज पार म्हातारं झालं होतं. सारखी कुठली ना कुठली डिस्क मान टाकायची. ताईंनी नवं मागवलं, जोडलं, बऱ्याचशा फायली हलवल्याही. उरलेल्या हलवायला एक शनिवार सगळं बंद ठेवणं भाग होतं. आणि तो शनिवार दोनदा पुढे ढकलला गेला, कारण कोणाचं तरी काम नेमकं तेव्हाच अडायचं.

तिसऱ्यांदा खुद्द साहेबच आले. स्कॉटिश माणूस, बोलायला अगदी गोड. "पुढच्या महिन्यात करू या का?"

ताईंचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं. ते वाढवणं साहेबांच्या हातात, आणि व्हिसा त्याच नोकरीवर. मी टेबलाखालून ताईंचा पाय दाबला.

"नाही," ताई म्हणाल्या. "तोवर डिस्क टिकतील याची खात्री तुम्ही देता का?"

"काही बिघडलं तर जबाबदारी तुमची."

"माझीच आहे."

साहेब गेल्यावर मी भडकलेच. "अहो, हो म्हणायला काय जात होतं? परत जावं लागेल तुम्हाला!"

"मग जाईन ना बाप्पा! पोरांची वर्षानुवर्षांची मेहनत आहे त्याच्यात. ती बुडाली तर कोण भरून देऊन राहिलं?"

शनिवारी सकाळी त्यांनी सगळं बंद केलं. मी सोबतीला पोहे घेऊन गेले, तर "तर्री कुठाय? पुणेरी कुठली!" म्हणून बोलणी खाल्ली. दुपारी शेवटची फाइल नव्या स्टोरेजवर पोचली, तपासून झाली, जुनं बंद केलं. तेवढ्यात साहेबांचा फोन: जुनंही चालू असू द्या, आधाराला. ताईंनी बटण दाबलं. आतून नुसती कटकट. पुन्हा दाबलं. ते कायमचं गेलं होतं.

आम्ही दोघी तिथेच जमिनीवर बसलो. महिनाभर थांबलो असतो तर उरलेल्या फायलीही त्याच्यासोबत गेल्या असत्या. मला तर रडूच आलं. साहेबांना कळवलं, ते "बरं" म्हणाले.

सोमवारी लोक आले, फायली उघडल्या, कामाला लागले. महिन्याअखेरीस साहेबांनी बजेटचं कारण सांगितलं. कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही.

"सांगा ना सगळ्यांना, काय वाचवलंत ते!" मी भांडले.

"काय सांगू? की काहीच झालं नाही म्हणून?"

शेवटच्या दिवशी जिन्यात एका संशोधक मुलीने ताईंना अडवलं. त्या शनिवारी तिचं काम अडलं होतं, आणि तो राग अजून गेला नव्हता. "आता परत कधी बंद करणार आहात तुम्ही?"

"नाही करणार," ताई म्हणाल्या. "तू निवांत काम कर." आणि बॅग उचलून उतरून गेल्या.