झाकण काढून दाखवा

कुपवाडच्या एमआयडीसीत गुणमाला चौगुलेचं नाव घेतलं की लोक आधी हसायचे आणि मग तोंड वाकडं करायचे. बाई साठीला टेकलेली, अंगानं काटक आणि जिभेला हाड नाही. नवरा गेल्यावर त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान बंद करावं असं सगळ्या भावकीचं मत पडलं, म्हणून तिनं ते हट्टानं चालवलं. वर्कशॉपवाल्यांनी अडगळीत टाकलेली पंधरा-पंधरा वर्षांची मशिनं ती उचलायची, त्यांत फुकटचं लिनक्स घालायची आणि पुन्हा कामाला जुंपायची. "म्हातारं झालं म्हणून फेकतोस व्हय? मग घरातल्या म्हाताऱ्यांचं काय करणार हाईस?" असं गिऱ्हाइकालाच विचारायची. गिऱ्हाईक मुकाट ऐकून घ्यायचं, कारण बाईनं चालू केलेलं मशीन चालूच राहायचं. 'होत नाही' हे दोन शब्द तिनं दहा वर्षांत कुणाला ऐकवले नव्हते, आणि त्याचा तिला चांगलाच माज होता.

भांडण तिचं सगळ्यांशीच, पण वैर एकाशी. तवनाप्पा मगदुमांच्या कास्टिंगच्या कारखान्यात फाटकावर धुळा कोळेकर बसायचा. माण तालुक्यातला गडी, मेंढरं भावाच्या हवाली करून पोटासाठी इकडं आलेला. फाटकाशेजारच्या एका खोलीत तो आणि त्याची दहावीतली पोरगी सृष्टी राहायची. धुळा लय सरळ आणि त्याहून जास्त हेकट. येताना-जाताना प्रत्येकाची वहीत नोंद आणि प्रत्येकाची पिशवी उघडून बघायची, मग तो मालकाचा जावई का असेना. गुणमाला दहा वर्षं त्याच फाटकातून ये-जा करायची, तरी हा दरवेळी पेन उचलून विचारायचा, "नाव काय बाई?"

"नाव इसरलास का डोकं घरी ठेवून आलास?"

"मला ठावं हाय. वहीला सांगाया लागतंय."

गेल्या भाद्रपदात ते टोकाला गेलं. जैनांचं दशलक्षण पर्व चालू होतं. गुणमाला दिवसाला एकदाच जेवायची आणि घरून उकळून गाळून आणलेलंच पाणी प्यायची. त्या दिवसांत कारखान्यातून थिनर चोरीला जात होतं, म्हणून धुळानं तिची बाटली उघडली आणि नाकाला लावून वास घेतला. बाईनं ती बाटली त्याच्या हातातून हिसकली, सगळ्या कामगारांदेखत पाणी रस्त्यावर ओतलं आणि दिवसभर तहानलेली राहिली. संध्याकाळी तवनाप्पांकडून तिनं चिठ्ठी लिहून घेतली, 'गुणमालाक्कांची पिशवी तपासू नये', आणि ती लॅमिनेट करून पर्सला अडकवली. प्रश्न पाण्याच्या नेमाचा होता, असं ती सांगायची. धुळाला मात्र त्यात त्याच्या हाताचा विटाळ ऐकू आला होता. खरं काय ते बाईनं स्वतःलाही कधी विचारलं नाही. पर्व संपल्यावर क्षमावाणीच्या, म्हणजे वर्षभराच्या चुकांची माफी मागायच्या दिवशी तिनं गल्लीतल्या प्रत्येकापुढं हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हटलं, कुरिअरवाल्यालासुद्धा सोडलं नाही. फाटकातून जाताना मात्र तिनं तोंड शिवून घेतलं होतं.

आणि जानेवारीत कारखान्यातला पॅटर्न गेला. पॅटर्न म्हणजे ज्यावरून वाळूत साचा पाडतात तो मूळ नमुना. हा पंपाच्या पंख्याचा, पितळेचा, वीतभर रुंद, आणि मालकी गिऱ्हाइकाची. मंगळवारी सकाळी तो होता आणि बुधवारी नव्हता. तवनाप्पांनी धुळाला उभं केलं. धुळा म्हणाला, "आण्णा, त्या दिशी सगळ्यांच्या पिशव्या बघितल्या. त्या चौगुलेबाईंनी नेलेलं कॉम्प्युटरचं खोकं तेवढं बघितलं न्हाई."

हे गुणमालाच्या कानावर जायला अर्धा तास लागला नाही. स्कूटरवरून ती थेट ऑफिसात येऊन थडकली. "मी चोर? त्या झोपाळू गड्यानं मला चोर म्हणावं? लावा तो कॅमेरा. डुलक्या घेत ह्यानं कुणाला सोडलं ते सगळ्यांना दिसू दे."

तवनाप्पांनाही तेच हवं होतं. "अक्का, कॅमेऱ्यात त्याची चूक दिसली, तर आजच खोली खाली करून घेतो," ते म्हणाले. धुळा दारात उभा होता. त्याच्या पोरीची परीक्षा दोन महिन्यांवर होती, पण त्यानं तो विषय काढला नाही. बाईकडं रोखून बघत तो म्हणाला, "लावा की. मलाबी बघायचंय."

पण लावणं सोपं नव्हतं. कॅमेऱ्याचा रेकॉर्डर जुनाट, त्याला स्क्रीन जोडायची पिन जळालेली आणि बनवणारी कंपनी कधीच उठलेली. आत साठलेलं चित्र बघायचं तर ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडायचा, आणि त्या ब्राउझरला व्हिडिओचं जुनं प्लगिन जोडलेलं असलं तरच चित्र हलायचं. ते प्लगिन जगानं केव्हाच मोडीत काढलेलं. नवा ब्राउझर त्याला दारातसुद्धा उभं करत नाही. म्हणून गुणमालानं इथं मुद्दाम जुना ब्राउझर राखला होता आणि स्क्रीनच्या कडेला पट्टी चिकटवली होती, 'अपडेट विचारलं तर नाही म्हणायचं.'

कुणीतरी हो म्हटलं होतं. ब्राउझर नवाकोरा झाला होता आणि प्लगिन गायब होतं.

"कुणाचे हात शिवशिवले?" तिनं विचारलं.

स्टोअर सांभाळणारा सूरज पुढं आला. तिशीतला, गोड बोलणारा, सगळ्यांना काका-काकू म्हणणारा. "सारखं विचारत होतं काकू. म्हटलं एकदाचं हो म्हणून टाकू."

"वाचायला येत नाही तर स्टोअर कसं सांभाळतोस?" ती म्हणाली आणि सगळ्यांना बाहेर घालवून कामाला बसली.

जुना ब्राउझर पेनड्राइव्हमधून परत बसवला. प्लगिनची फाइल फोल्डरमध्ये टाकली. पडद्यावर करडा चौकोन आला आणि तसाच राहिला. तिच्याजवळचं प्लगिन चौसष्ट बिटचं होतं आणि हे म्हातारं मशीन बत्तीसचं. घट्टे पडलेल्या पायात लेकराचा बूट कोंबण्यातलाच तो प्रकार. तिनं बत्तीसचं दुसरं शोधलं, तर ते शेवटच्या काळातलं निघालं. त्याच्या पोटात बनवणाऱ्यांनीच मरणाची तारीख लिहून ठेवलेली, त्यामुळं ते उघडायचं आणि चित्राऐवजी नुसतं एक चिन्ह दाखवायचं. बत्तीसचं आणि तारीख नसलेलं, असं एकच प्लगिन तिला आठवत होतं. ह्याच ऑफिसातल्या दुसऱ्या, मेलेल्या कॉम्प्युटरच्या डिस्कवर ते होतं. ती डिस्क तिनं मंगळवारीच काढून घरी पत्र्याच्या डब्यात ठेवली होती.

चार वाजत आले होते. ती घरी गेली, डिस्क आणली आणि केबलनं जोडली. लपवलेल्या फोल्डरमध्ये फाइल होती. तिनं ती उचलून जागेवर ठेवली, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला आणि मंगळवारची तारीख घातली. करडा चौकोन काळा झाला आणि त्यात फाटक उभं राहिलं.

चित्र तुटक होतं, आवाज नव्हता. कामगार एकामागून एक येत होते, पिशवी उघडत होते, सही करत होते. धुळा झोपला नव्हता. दोन तासांत तो पाण्यालासुद्धा उठला नाही. बाईला ते बघवेना. मग पडद्यावर ती स्वतः आली, पर्स काखेत, हातात त्या मेलेल्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट, म्हणजे तेच खोकं. धुळा आडवा आला. त्यानं कॅबिनेटच्या स्क्रूंकडं बोट दाखवलं आणि हातानंच झाकण उचलायची खूण केली. तिनं चिठ्ठी त्याच्या तोंडापुढं नाचवली. तो तरी हटेना. मग ती काहीतरी बोलली. धुळाचा हात हळूहळू खाली आला आणि तो बाजूला झाला. पडद्यावरची गुणमाला फाटकाबाहेर पडली आणि चार पावलांवर थांबून तिनं कॅबिनेट या हातातून त्या हातात घेतलं.

खुर्चीतल्या गुणमालानं चित्र तिथंच थांबवलं. ते कॅबिनेट त्या दिवशी जड लागलं होतं. वयामुळं असेल, असं तिला तेव्हा वाटलं होतं. डिस्क काढल्यावर ती डबा खायला गेली होती आणि झाकण बसवून ठेवायला तिनं सूरजला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी ती उघडून बघणार, तेवढ्यात सकाळी सातलाच सूरज दारात हजर. "आण्णांनी खोकं मागितलंय काकू, भंगारात द्यायचंय." तिनंच ते उचलून त्याच्या गाडीवर ठेवायला हात लावला होता.

दार लोटून सूरज चहा घेऊन आला, तेव्हा तिनं झटकन पडद्यावरचं चित्र लपवलं.

"होतंय का काकू? नसंल होत तर सोडा. जुनी मशिनं, कुणी तुमाला बोल लावणार न्हाई." कप ठेवून तो आणखी हळू बोलला, "आन् झालंच चालू, तर आधी तुमीच दिसणार की वो."

तो गेल्यावर चहावर साय धरेपर्यंत ती तशीच बसली. दोन शब्द म्हटले की भागत होतं. होत नाही. सगळ्यांनी विश्वास ठेवला असता. धुळा पोरीला घेऊन माणला गेला असता आणि फाटकावर कुणीतरी नवा, मऊ माणूस आला असता. मेल्याचा मला एवढा राग येतो तर मी हे का करू, असं ती स्वतःशीच चिडून म्हणाली. मग उठून तिनं तवनाप्पा, धुळा आणि सूरज, तिघांनाही आत बोलावलं.

चित्र पुन्हा चाललं. धुळाचा हात खाली येतो तिथं तवनाप्पांनी विचारलं, "अक्का, इथं तुम्ही काय म्हणालात?"

आवाज नव्हता. ती काहीही सांगू शकली असती. धुळा भिंतीकडं बघत होता.

"'तुझा हात लागलेली वस्तू मी घरात घेत नाही,' असं म्हणाले मी," गुणमाला म्हणाली. "पाण्याबद्दल नव्हते बोलत. त्याला लागावं म्हणूनच बोलले." मग तिनं सूरजकडं बोट केलं. "पॅटर्न आत ठेवून झाकण ह्यानं बसवलं. दुसऱ्या दिवशी खोकं माझ्या दारातून ह्यानंच नेलं. अपडेटला हो म्हणणाराही हाच. पॅटर्न मीच बाहेर काढला, आण्णा. फक्त मला ते ठाऊक नव्हतं."

सूरज तिच्यावरच उलटला, म्हातारीला वेड लागलंय म्हणाला. पण तिसऱ्या दिवशी पॅटर्न त्याच्या मेव्हण्याच्या शेडमध्ये सापडला. धुळाची खोली राहिली. एमआयडीसीत मात्र महिनाभर एकच विषय, चोरीचा माल बाईनं स्वतःच्या हातानं नेला. जिनं सगळ्यांना नावं ठेवली तिला आता सगळ्यांनी ठेवली, आणि कुणी हात आखडला नाही.

पुढच्या आठवड्यात मगदुमांच्या ऑफिसातला तोच बत्तीस बिटचा म्हातारा कॉम्प्युटर बंद पडला. गुणमाला तो घेऊन फाटकापाशी आली. धुळानं मान वर केली नाही.

"नाव काय बाई?"

"गुणमाला चौगुले." पर्सवरची चिठ्ठी तिनं काढून त्याच्या टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "धुळा, उत्तम क्षमा."

धुळानं चिठ्ठी उचलली, दोन्ही बाजूंनी बघितली आणि वहीत खूण म्हणून घातली. "ह्ये कुठल्या रकान्यात लिवायचं ठावं न्हाई मला," तो म्हणाला. "झाकण काढून दाखवा."

संध्याकाळची पाळी सुटलेली, मागं कामगारांची रांग लागलेली. गुणमाला फाटकात खाली बसली, पर्समधून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि पहिला स्क्रू फिरवायला लागली.