साक्षीतली दिवाळी

मुलांनो, तुमच्या धाकट्या आजोबांचं, म्हणजे माझ्या भावोजींचं, दुर्गदबैल बाजारातलं खणांचं दुकान बुडालं हे तुम्हांला फोनवर कळलं आहे. धारवाडच्या कोर्टात काय झालं ते मात्र कुणी सांगितलं नसेल.

नादारीचा अर्ज भावोजींनी स्वतःच केला होता. असा अर्ज मंजूर झाला की माणसाची मालमत्ता कोर्टाच्या ताब्यात जाते आणि ज्यांचं येणं असतं त्यांना वाटली जाते. वाद उरला तो माझ्या जाऊबाईच्या भरतकामाच्या मशीनचा. धंदा नीट चालू असताना नवऱ्याने ते तिला दिलं असेल, तर ते तिचं. धंदा बुडाल्यावर दिलं असेल, तर तेही जाणार. आता घर त्याच मशीनवर चाललं होतं.

जाऊबाई साक्षीला उभी राहिली. मशीन कधी मिळालं, असं विरुद्ध बाजूच्या वकिलांनी कन्नडमध्ये विचारलं. तिनेही कन्नडमध्येच सांगितलं, "दिवाळ्याग कोट्टार्री." दिवाळीत दिलं.

आपल्या घरचं कन्नड असंच, मराठी शब्द मिसळलेलं. पण कन्नडमध्ये सण म्हणजे दीपावळी. नुसतं दिवाळी म्हटलं की दिवाळं.

"म्हणजे दिवाळं निघाल्यावर दिलं," वकील म्हणाले. "तसंच लिहून घ्यावं."

टायपिस्टने लिहिलं. ते सणाचंच बोलताहेत असं समजून जाऊबाईने मान डोलावली. मी मागच्या बाकावर बसले होते, पण मला तिथे बोलायची मुभा नव्हती. आमचे वकील उठले आणि त्यांनी फेरप्रश्नाची परवानगी मागितली.

"अक्का, कुठली दिवाळी?"

"लक्ष्मीपूजनाची. आणखी कुठली असते?" जाऊबाई जरा चिडलीच. "मी चकल्या तळत होते आणि हे नव्या मशीनचं खोकं उघडून बसले. तेव्हा दुकानात गिऱ्हाइकांना बसायला जागा नसायची."

कोर्टात हशा झाला. फक्त भावोजी हसले नाहीत. न्यायाधीशांनी वाक्य दुरुस्त करवून पुन्हा वाचायला लावलं आणि मग तिची सही घेतली.

निकालात मशीन तिचं ठरलं. त्याच निकालात भावोजींना नादार जाहीर केलं होतं, आणि कन्नडमध्ये त्यासाठी तोच शब्द होता, दिवाळी. बाहेर पायऱ्यांवर त्यांनी प्रत माझ्या हातात दिली.

"वहिनी, मशीनचं काय लिहिलंय ते वाचा."

मी वाचलं.

"परत एकदा."

मी परत वाचलं आणि पुढच्या ओळीकडे वळले.

"ते नको," ते म्हणाले. "ते मला आत ऐकू आलंय."