पाळण्याची कडी

रेतीची गाडी आली की बाबा चिमूटभर रेती जिभेवर ठेवायचे. खारी लागली की थुंकायचे आणि गाडी परत पाठवायचे. ठाण्यात लहानसहान बांधकामं घेणारा त्यांच्याइतका कटकट्या माणूस दुसरा नसेल. खाडीच्या रेतीने स्लॅबमधलं लोखंड आतून गंजतं, हे त्यांनी मला मी परकरात असतानाच शिकवून ठेवलं होतं.

स्वातंत्र्यानंतर वर्षा-दोन वर्षांत त्यांनी नौपाड्यात आमची स्वतःची चाळ बांधायला घेतली. एक खोली आम्हाला, बाकीच्या भाड्याला. सिमेंट परमिटवर मिळायचं आणि विहिरीने तळ गाठला होता. स्लॅबच्या दिवशी आलेली रेती बाबांनी जिभेवर ठेवली, पण थुंकले नाहीत. धुवायची तर पाणी विकत आणावं लागणार, तोवर मजूर बसून राहणार. "आपलंच काम आहे, कोण विचारतंय," एवढंच म्हणाले.

दहाएक वर्षांनी मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले, तर पाळण्यासाठी छतात बसवलेल्या कडीभोवती तांबूस डाग. चुना मारला तरी पुन्हा वर येतो आणि दरवर्षी वाढतो, आई म्हणाली. बाबांनी वर न बघताच ओल आहे म्हणून सांगितलं. मला त्यांचा भयंकर राग आला. त्या छताखाली माझी पोर निजणार होती आणि यांना मान वर करवत नव्हती.

बारशाच्या सकाळी पोर स्वयंपाकघरात गोधडीवर निजली होती. आईने कुणाला न विचारता रिकाम्या पाळण्यात पाटा-वरवंटा ठेवला आणि लांब उभी राहून दोरीने झोके देऊ लागली. बराच वेळ काहीच झालं नाही. मला हसूही आलं. मग वरून बारीक भुगा गळला, आणि पाळणा, कडी, छताचा परातीएवढा तुकडा, सगळंच खाली आलं. वर उघडी पडलेली सळई गंजून पापुद्र्या-पापुद्र्यांनी फुगली होती.

बाबा दारात उभे होते. त्यांनी खाली पडलेला एक तुकडा उचलला आणि जुन्या सवयीने जिभेला लावला.

"पाण्याच्या दोन गाड्या लागल्या असत्या," ते म्हणाले.

सगळ्या खोल्यांवर तोच स्लॅब होता, आणि प्रत्येक खोलीत बाबांनी हौसेने कडी बसवली होती. भिंतीपलीकडे शेजारणीचा पाळणा करकरत होता. बाळंतीण असूनही बाबांच्या आधी मी तिच्या दाराशी पोचले.