घरी तार नको

म्हसवडहून साताऱ्याला जाणाऱ्या एसटीत एक म्हातारे फौजी दर सोमवारी दहिवडीला चढायचे. बसताना उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घ्यायचे. तरुणपणी लढाईत त्या मांडीत गोळी शिरली होती, आणि जखमी सैनिकाचं पदक मिळावं म्हणून आता साताऱ्याच्या कचेरीत त्यांचे हेलपाटे चालले होते.

"तेव्हाच नोंद कशी झाली नाही?" मी एकदा विचारलं.

"आवं, तवा गावात पलटणीची तार आली, की ती वाचायच्या आदीच बायका बांगड्या फोडायच्या. माझं नवं लगीन. डाक्टरच्या पाया पडलो, म्हनलं घरी तार धाडू नगा. गोळी लिवली आसती तर तार गेलीच आसती, म्हनून त्येनं ट्रकातनं पडला आसं लिवलं. बायकूला बी मी त्येच सांगितलं. लडाईला गेला आन ट्रकातनं पडून आला, म्हनून आजून हासती."

"मग आता खरं सांगून टाका की," मी आपलं शहाणपणानं म्हणालो.

"जलमभर खोटं बोललो. पदकाबिगर पटंल व्हय तिला?"

दिवाळीनंतर ते गाडीत दिसेनात. परवा दहिवडीच्या स्टँडवर बाकावर बसलेले भेटले. मी पदकाचं विचारलं.

"ती गेली. आता पटवायचं कुनाला?"

साताऱ्याची गाडी लागली. त्यांनी पाय उचलला नाही.