विश्रांतीला माझा विरोध होता

मी लिफ्ट दुरुस्त करतो. तेवीस वर्षं झाली. लिफ्ट बंद पडली की लोक आतलं लाल बटण दाबतात आणि तो कॉल थेट कंपनीच्या एका मोबाइलवर येतो. तो मोबाइल ज्याच्याकडे, त्यानं घरी असो वा अंथरुणात, अर्ध्या तासात तिथं पोचायचं. खरं तर तो आम्हा चौघांत आठवड्या-आठवड्यानं फिरायला हवा होता. पण तो कायम माझ्याकडेच असायचा, कारण मी तो कुणाला देतच नव्हतो.

याला मी निष्ठा म्हणायचो. बायको जे म्हणायची ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आंघोळीला जाताना मी तो फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्यायचो. मुलीला शाळेत वक्तृत्वाचं बक्षीस मिळालं, तेव्हा मी सभागृहाबाहेर जिन्याखाली उभा राहून एका वॉचमनला मेन स्विच शोधायला सांगत होतो. परत आलो तर लोक खुर्च्या उचलत होते. स्विच बंदच निघाला, हे मी मुलीला मोठ्या अभिमानानं सांगितलं. साहेब म्हणायचे, तुमच्यावाचून इथं पान हलत नाही. बस, तेवढ्यावर माझी छाती महिनाभर फुगलेली राहायची.

वर्षापूर्वी आमच्यात एक नवी टेक्निशियन आली. तिनं नेमणुकीचं पत्र शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं, जे आमच्यापैकी कुणीच कधी केलं नव्हतं. एक काम संपलं की पुढच्या कामाआधी सलग अकरा तास विश्रांती मिळालीच पाहिजे, असा नियम तिनं आम्हाला दाखवला. दाखवून थांबली असती तर ठीक होतं, पण ती तो पाळायचीसुद्धा. अकरा तास फोन बंद. मी तिचं नावच ‘अकरा तास’ ठेवलं आणि ते सगळ्यांत आधी मलाच आवडलं.

पुढं तिनं कामगार कार्यालयाला द्यायला एक अर्ज लिहिला. कॉलचा फोन पाळीनं फिरावा, कॉलवर गेलेला वेळ नोंदवावा, नंतर विश्रांती मिळावी. दोघांनी सह्या केल्या. मी तिला उभ्याउभ्या भाषण दिलं, की आमच्या वेळी असले चोचले नव्हते. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “काका, हा अर्ज तुमच्यासाठीच आहे.”

मला तिची कीव आली. इतकी शिकलेली, आणि माणसाची पारख नाही.

मग तो मंगळवार आला. सोमवारी सकाळी आठला सुरू झालेला माझा दिवस मंगळवारी सकाळी आठपर्यंत संपलाच नव्हता. शेवटचा कॉल एका आठ मजली इमारतीतला होता. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत कंट्रोल पेटीतली एक तार निसटलेली मी ताबडतोब ओळखली. ती बसवली, लिफ्ट एकदा वर-खाली फिरवून पाहिली आणि तिच्यातूनच रुबाबात खाली निघालो. सहाव्या मजल्यावर एक वयस्क बाई आत आल्या. त्या निवृत्त नर्स होत्या, हे मला जरा वेळानं कळणार होतं. चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट थांबली.

“घाबरू नका, ही आत्ताच मी दुरुस्त केली आहे,” मी म्हणालो. या वाक्यानं त्यांना काही धीर आलेला दिसला नाही.

मी लाल बटण दाबलं. दोन क्षणांत माझ्याच खिशातला फोन वाजायला लागला. सवयीनं मी तो उचलला आणि “हॅलो” म्हणालो. बटणांशेजारच्या स्पीकरच्या जाळीतून माझाच आवाज मला “हॅलो” म्हणाला. नर्सबाईंनी विचारलं, कोण आहे? मला खरं सांगावं लागलं.

साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, कॉलवरच्या माणसाला पाठवतो. तो आतच आहे म्हटल्यावर बाकीचे कुठं आहेत ते शोधू लागले. उरलेल्या दोघांपैकी एक रजेवर होता, दुसरा परगावी. ‘अकरा तास’नं आदल्या रात्री दहाला काम संपवलं होतं, म्हणजे तिचा फोन नऊला सुरू होणार. अजून पन्नास मिनिटं होती.

नर्सबाईंनी पिशवीतलं वर्तमानपत्र खाली पसरलं, बसल्या आणि मलाही बसायला लावलं. शेवटचं झोपलात कधी, असं विचारलं. मी बोटांवर मोजू लागलो आणि मध्येच चुकलो.

“वॉर्डात मीही अशीच होते,” त्या म्हणाल्या. “तुमच्याशिवाय चालत नाही असं कुणी म्हटलं की लागोपाठ पाळ्या करायचे. एकदा एकाच माणसाला एकच गोळी दोनदा दिली. वाचला तो. पण त्याचं नाव मला अजून पाठ आहे.”

यावर काहीतरी उत्तर द्यायचं माझ्या मनात होतं. पण त्यांनी नंतर सांगितलं, की तोवर मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून घोरत होतो.

नऊ वाजून दोन मिनिटांनी फोन आला, “काका, कितवा मजला?” पाऊण तासानं ती पोचली, आणि नंतर पाच मिनिटांत लिफ्ट हलली. मी तार बसवली होती, पण तिचा स्क्रू आवळलाच नव्हता. “तार बरोबर ओळखली होती तुम्ही,” ती म्हणाली. ती हसली असती तर बरं झालं असतं. शेजारचीच तार दरवाजाच्या कुलपाची होती. तिथं माझा हात चुकला असता तर दार उघडं असतानाही लिफ्ट चालली असती, आणि मग काय झालं असतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी जिन्यावर बसलो.

बऱ्याच वेळानं मी अर्ज मागितला. तिनं दिला नाही. झोपेतली सही चालणार नाही, उद्या करा, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी केली. महिन्याभरानं कामगार कार्यालयातले अधिकारी चौकशीला आले. साहेबांनी मोठ्या विश्वासानं मला पुढं केलं, कारण मी सगळं स्वखुशीनं केलं, असं मी सांगणार याची त्यांना खात्री होती. मी तेच सांगितलं.

“मला कुणी जबरदस्ती केली नाही,” मी म्हणालो. “पण थांबवलंही नाही कुणी. आणि मला थांबवणं हे साहेबांचं काम होतं.”

आता फोन पाळीनं फिरतो. महिन्यातले तीन आठवडे लिफ्ट माझ्याशिवाय बंद पडतात आणि माझ्याशिवाय सुरू होतात. याचं मला थोडं वाईट वाटतं, पण अजून कुणी विचारलेलं नाही. विश्रांतीच्या पहिल्या दिवशी मी दुपारी तीनपर्यंत झोपलो. बायकोनं दोनदा नाकाखाली बोट धरून पाहिलं म्हणे. उठल्यावर करायला काही नव्हतं, म्हणून घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. संध्याकाळी मुलगी कॉलेजमधून आली, तेव्हा मी तिला विचारलं, हल्ली कशावर भाषणं करतेस? तिनं आईकडं पाहिलं, मग माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. भाषणं सोडून तिला चार वर्षं झाली होती. ती आता पोहते. शनिवारी शर्यत आहे, यायचं असेल तर ये, म्हणाली.